हरमलचा झोळा आणि पेडण्याचा ताग

गोव्यातल्या हरमलच्या किनाऱ्याकडे उतरणारा रस्ता शेवटी गल्लीएवढा होतो आणि दोन्ही अंगांना दुकानं लागतात. सुती कुर्ते, चांदीचे दागिने, चामड्याचे पट्टे, आणि त्यांच्यात हमखास एक कोपरा पिवळट-करड्या जाड कापडाच्या झोळ्यांचा, पाकिटांचा, टोप्यांचा. हात लावला तर कापड खरबरीत लागतं, धागा मध्येच जाड आणि मध्येच बारीक. नाकाशी नेलं तर वाळल्या गवताचा वास येतो. हे हेंप. म्हणजे भांगेच्या झाडाच्या खोडावरची साल कुजवून, सोलून काढलेल्या वाखाचं कापड. दुकानदार त्याची महती मनापासून सांगतो: पाणी कमी लागतं, फवारणी फारशी लागत नाही, वर्षानुवर्षं टिकतं आणि टाकून दिलं तर मातीत मिसळून जातं.

यातलं बहुतेक सगळं खरं आहे. फक्त ते ज्या मातीत आणि ज्या हवेत ते झाड वाढलं, तिथलं खरं आहे. हरमलला मिळणारा जाडाभरडा झोळा बहुधा नेपाळच्या डोंगरांतून आलेला असतो. शर्टासाठीचं मऊ, एकसारखं कापड असेल तर त्याचा धागा बहुतेक वेळा चीनमधला असतो. एका कापडावरून संपूर्ण पिकाची जाहिरात होते, आणि मग पेडण्यातला, डिचोलीतला एखादा तरुण शेतकरी विचारतो की हे आपल्याकडे का होऊ नये. प्रश्न अगदी रास्त आहे. पडीक शेतं वाढत चालली आहेत, माणसं मिळत नाहीत, भाताला भाव नाही; अशा वेळी टिकाऊ धाग्याचं पीक कुणाला नको? माझं उत्तर सुरुवातीलाच सांगतो. हेंपचं कापड खुशाल विकत घ्यावं. पण इथल्या जमिनीत पेरायचा तो ताग, आणि जपायचा तो काथ्या.

आधी हेंपच्या खोडाकडे नीट बघू. भांगेचं झाड वाखासाठी लावायचं असेल तर बी अगदी दाट पेरतात. उजेडासाठी रोपांची चढाओढ लागते, फांद्या फुटत नाहीत, आणि दोन-तीन मीटर उंच, सरळ, बोटाएवढ्या जाडीच्या काड्यांचं रान उभं राहतं. गांजासाठी लावतात तेव्हा उलट करतात: झाडं लांब लांब ठेवतात, फांद्या फुटू देतात, कारण तिथे हवे असतात मादी झाडाचे राळेने माखलेले शेंडे. ही दोन शेतं लांबूनही वेगळी ओळखू येतात.

खोडाचे दोन भाग. आत ठिसूळ, पांढरट काडी आणि बाहेर साल. सालीत लांब तंतूंचे जुडगे असतात, आणि ते काडीला आणि एकमेकांना चिकटून राहतात ते पेक्टिन नावाच्या नैसर्गिक खळीमुळे. ही खळी सुटली की वाख सुटतो. ती सोडवण्याचं काम जीवाणू आणि बुरश्या करतात. माणूस फक्त त्यांना ओल आणि वेळ देतो. फ्रान्समध्ये कापलेली काडी शेतातच पसरून ठेवतात आणि काही आठवडे दवावर कुजू देतात. हंगेरीत, इटलीत पूर्वी ती तळ्यात बुडवत. मग वाळवायचं, काडी मोडायची, झटकायची, विंचरायची. आतली काडीही वाया जात नाही. ती जनावरांखाली अंथरतात, चुन्यात कालवून तिच्या भिंती घालतात.

हेंपच्या कापडाला मान आहे तो त्याच्या तंतूच्या लांबीमुळे. ज्याच्यापासून गोणपाट होतं त्या बंगाली जूटचा एकेक सुटा तंतू जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो. हेंपचा सरासरी वीस मिलिमीटरच्या घरात जातो. म्हणून जूटचं पोतं होतं आणि हेंपचा शर्ट होऊ शकतो. आपला ताग या दोघांच्या मध्ये बसतो, सात-आठ मिलिमीटरवर.

दुकानात हेंप म्हणून जे मिळतं ते खरंच हेंप आहे की जवसाच्या खोडाचं लिनन, हे ताडून बघण्याची एक जुनी युक्ती आहे. जाळून कळत नाही, कारण दोन्ही कागदासारखीच जळतात. कापडाच्या कडेचा एक धागा उसवून त्यातून एक बारीक तंतू सुटा करायचा, तो पाण्यात भिजवायचा, आणि एक टोक चिमटीत धरून दुसरं मोकळं टोक आपल्याकडे येईल असा तापल्या तव्याच्या वर, वाफेपासून थोडा दूर धरायचा. वाळता वाळता तंतू स्वतःभोवती फिरतो. जवसाचा तंतू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, हेंपचा उलट. तंतूच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे ज्या बाजूला वळलेले असतात त्या बाजूने तो पीळ सोडतो. नजर स्थिर हवी आणि तंतू एकच हवा. चार-पाच एकत्र असले तर काही कळत नाही.

वाखाची भांग आणि नशेची भांग यांच्यातला फरक गोव्यात फार पूर्वी लक्षात आला होता. 1534 मध्ये गोव्यात आलेला गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य इथल्या वनस्पतींचा अभ्यास करत राहिला आणि 1563 मध्ये त्याचा संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापला गेला. भारतात छापखाना येऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. त्यात भांगेवर एक स्वतंत्र संवाद आहे. पोर्तुगालमध्ये ज्या झाडापासून दोर आणि कापड करतात तेच हे झाड ना, अशी शंका तिथे येते, आणि ऑर्ता ती मान्य करत नाही. इथल्या भांगेचं बी बारीक आहे आणि तितकं पांढरं नाही, हे तो दाखवून देतो. हा माणूस मूळचा ज्यू घराण्यातला. तो 1568 मध्ये वारला, आणि बारा वर्षांनी धर्मन्यायपीठाने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. त्याच्या ग्रंथाचं मोल पुढे सगळ्या युरोपने ओळखलं.

ऑर्ताच्या निरीक्षणाला दोन शतकांनी जोड मिळाली. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्क याने 1785 च्या सुमारास भारतातून आलेल्या नमुन्यांवरून या भांगेला वेगळं नाव दिलं, आणि स्पष्ट लिहिलं की हिचं खोड कठीण आहे, साल पातळ आहे आणि युरोपातल्या हेंपसारखा वाख हिच्यातून निघणार नाही. या दोन वेगळ्या जाती आहेत की एकाच जातीचे दोन वाण, यावर वनस्पतिशास्त्रज्ञ अजून वाद घालतात. शेतकऱ्याला त्या वादाशी कर्तव्य नाही. त्याला हवी ती गोष्ट लामार्कने सांगून ठेवली आहे: उष्ण मुलखातली भांग वाखाची नाही.

याचं कारण दिवसाच्या लांबीत आहे. भांगेचं झाड दिवस लहान होऊ लागले की फुलावर येतं, आणि फुलावर आलं की उंची धरणं थांबतं. उत्तर फ्रान्समध्ये जूनमधला दिवस सोळा तासांचा असतो, म्हणून तिथलं हेंप उन्हाळाभर नुसतं वाढत राहतं. पेडणे, डिचोली साधारण पंधरा-सोळा अंश अक्षांशावर. इथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांचा. युरोपातलं बी इथे पेरलं तर उंची धरायच्या आधीच ते तुऱ्यावर येईल आणि हाती आखूड, फाटे फुटलेली काडी लागेल. त्यातून आपला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि या झाडाच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. हिमालयात मात्र याच झाडाचं पीक पिढ्यान्‌पिढ्या आहे. कुमाऊँ-गढवालमध्ये त्याच्या वाखाचं भांगेला नावाचं जाड कापड आणि धान्य वाहायच्या पिशव्या करत आले आहेत. तिथली थंडी, उतार आणि बी ही सगळी एकमेकांना जुळलेली आहेत.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण त्याबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. अमली पदार्थांविषयीचा 1985 चा केंद्रीय कायदा हेंपच्या कापडाला हात लावत नाही. त्याच्या व्याख्येत चरस येतो, गांजाचे शेंडे येतात, त्यांची मिश्रणं येतात. म्हणजे हरमलच्या दुकानातला झोळा पूर्ण कायदेशीर आहे. पण झाड लावणं हा परवान्यावाचून गुन्हा आहे, मग हेतू वाखाचा असला तरी. त्याच कायद्याचं चौदावं कलम सरकारला वाख किंवा बी यांच्यासाठी लागवडीची परवानगी देण्याचा अधिकार देतं. तो वापरून उत्तराखंडने 2018 मध्ये पहिल्यांदा औद्योगिक हेंपचे परवाने दिले. अट अशी की झाडातल्या नशेच्या द्रव्याचं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या आत हवं. तिथल्या शेतकऱ्यांची अडचण हीच झाली आहे की त्यांचं पिढीजात डोंगरी बी बऱ्याचदा ही मर्यादा ओलांडतं.

गोव्यात 2020 च्या डिसेंबरात औषधी उपयोगासाठी भांगेच्या लागवडीचा प्रस्ताव कायदा खात्यापर्यंत जाऊन आला, तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि विषय तिथेच थांबला. तो प्रस्ताव वाखाचा नव्हता. पण किनारपट्टीवरच्या गावांतल्या आईबापांना असा बारीक भेद करत बसायला सांगणं मला पटत नाही. अमली पदार्थांनी मुलं नासलेली त्यांनी जवळून पाहिली आहेत. पेडण्यात भांगेचं शेत उभं राहिलं तर त्यावर रात्रंदिवस पहारा ठेवावा लागेल, दर मोसमाला झाडांची तपासणी करावी लागेल, आणि एवढं करून निघेल तो आखूड, हलका वाख. हा सौदा तोट्याचा आहे.

आता ताग. जुन्या इंग्रजी कागदांत मुंबई बंदरातून हेंप गेल्याच्या नोंदी दिसतात, आणि त्या वाचून कोकणात भांगेची शेती होत असावी असा समज होतो. तो हेंप म्हणजे बहुतांशी आपला ताग आणि अंबाडी. इंग्रजांच्या आरमाराला दोरखंडांसाठी रशियन हेंप लागायचा, आणि रशियाशी बिनसलं की ते भारतात पर्याय शोधू लागत. विल्यम रॉक्सबर्ग याने कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात निरनिराळ्या वाखांना वजनं टांगून ते कितीवर तुटतात हे मोजलं होतं. क्रिमियाचं युद्ध चालू असताना, 1855 मध्ये, जॉन फोर्ब्स रॉयल याने भारतातल्या तंतू देणाऱ्या वनस्पतींवर एक जाडजूड ग्रंथच काढला. त्यात ताग आणि अंबाडीला मानाचं पान आहे.

ताग हे शेंगवर्गीय झाड आहे, पिवळ्याधमक फुलांचं. वाळलेली शेंग हलवली की आत बी खुळखुळतं. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतलं नत्र जमिनीत आणतात. पेडण्या-डिचोलीतल्या बऱ्याच शेतकऱ्यांना तो माहीत आहे तो एवढ्यासाठीच: पावसाच्या तोंडावर हेक्टरी 50 ते 60 किलो बी फेकायचं, दीड महिन्यात फुलं दिसू लागली की नांगराखाली गाडून टाकायचं. माडांच्या आळ्यांतही हिरवळीचं खत म्हणून तो लावतात. भाजीसाठी दारची अंबाडी जशी कुणी विसरत नाही, तसा हा ताग विसरला गेलेला नाही. विसरली गेली आहे ती त्याची साल. गाडायच्या ऐवजी आणखी दीड-दोन महिने उभा ठेवला की त्याच झाडाची सरळ, माणसापेक्षा उंच काडी होते आणि तिच्यात वाख तयार होतो. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर ताग घ्यायची कोकणात जुनी रीत होती, आणि तो घेणारे बरेचदा मासे मारणारे असत. कारण त्यांची जाळी त्याचीच व्हायची.

मोरजी, मांद्रे, केरी इथल्या किनाऱ्यांवर रापण ओढणाऱ्यांच्या आजोबांनी जी जाळी ओढली ती सुताची आणि तागाची होती आणि त्यांचे दोर काथ्याचे. ती सांभाळणं हे एक कामच होतं. खाऱ्या पाण्यात वाख कुजू नये म्हणून आईनासारख्या झाडाची साल मोठ्या भांड्यात उकळायची, त्या तांबूस काढ्यात जाळं बुडवायचं, वाळूवर पसरून वाळवायचं. काही दिवसांच्या मासेमारीनंतर पुन्हा तेच. नायलॉन आलं आणि ही सगळी मेहनत संपली. नायलॉनने मच्छीमाराची पाठ वाचवली, हे आधी मान्य केलं पाहिजे. पण तागाचं जाळं तुटून समुद्रात राहिलं तर काही महिन्यांत विरघळून जायचं. नायलॉनचं राहतं, आणि मासे पकडतच राहतं. मोरजीच्या वाळूत अंडी घालायला येणारी कासवं त्यात अडकतात. म्हणून सगळी जाळी पुन्हा तागाची करा, असं मी म्हणणार नाही. पण जाळ्याला बांधायच्या दोऱ्या, होडीतली बारीकसारीक दावी, कालवांच्या आणि शिणाण्यांच्या पिशव्या, हे जे सहज सुटून पाण्यात पडतं, ते वाखाचं का नसावं?

दोर कसा होतो हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. देशावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाने केलं. शेतकऱ्याचा नाडा, कासरा, सोल, शिंकं, बैलाची मुसकी हे सगळं त्यांच्या हातचं, आणि बदल्यात खळ्यावरचं बलुतं. एवढ्या कसबाला तो मोबदला कधीच पुरेसा नव्हता. वाख आधी किंचित ओला करतात आणि झाडून, विंचरून सरळ करतात. एकजण बगलेत वाखाची जुडी धरून मागे मागे चालत बोटांनी थोडा थोडा वाख सोडत जातो. दुसरा टोकाचा आकडा फिरवत राहतो. सगळं कसब सोडणाऱ्याच्या चिमटीत असतं. वाख जास्त सुटला तर गाठ, कमी सुटला तर मान बारीक होते आणि दोर तिथेच तुटतो. अशा दोन किंवा तीन पदरांना एका दिशेने कडक पीळ बसला की ते शेजारी ठेवून उलट दिशेने एकत्र वळतात. प्रत्येक पदर आपला पीळ सोडवू पाहतो आणि त्या धडपडीतच तो दुसऱ्या पदराला घट्ट आवळतो. गाठ न मारता दोर सुटत नाही तो यामुळे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आपण माणसांच्या स्वभावाबद्दल म्हणतो. दोराच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. जळक्या सुंभाच्या राखेतही वळसे दिसतात.

सुंभ म्हणजे काथ्याचा दोर, आणि काथ्याच्या बाबतीत गोव्याला पेरायचंही कारण नाही. राज्यात साधारण 25 हजार हेक्टर जमिनीवर माड उभे आहेत. नारळ सोलला की सोडण मागे राहतं, आणि आपल्याकडे ते बहुधा न्हाणीच्या चुलीत जातं. हजार सोडणांतून सुमारे 80 किलो काथ्या निघतो. तेरेखोल ओलांडून सिंधुदुर्गात गेलं की वेंगुर्ल्याकडे बायकांनी सहकारी तत्त्वावर काथ्याचं काम उभं केलेलं दिसतं: पायपुसणी, दोऱ्या, झाडांच्या कुंड्या. पेडण्यातला माड आणि वेंगुर्ल्यातला माड यांच्यात फक्त एक खाडी आहे.

काथ्याचा सर्वांत मोलाचा उपयोग मात्र डिचोलीत आहे. 1781 च्या सुमारास सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेलेला हा तालुका विसाव्या शतकात लोहखनिजासाठी खोदला गेला. टनभर खनिज काढायला कितीतरी टन माती आणि दगड बाजूला सारावे लागतात. त्यांचे डोंगर साखळी, पाळी, मये, शिरगावच्या आसपास उभे राहिले. 2012 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, 2018 च्या फेब्रुवारीत 88 पट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली. खाणी थांबल्या तरी ढीग राहतातच. चार महिन्यांच्या पावसात त्यांच्या उतारावरची माती सुटते, ओहोळातून खाली येते आणि भाताच्या कुणग्यांत लाल गाळ होऊन बसते. ज्यांच्या बांधाशी हा गाळ साचला त्यांनाच त्याचं दुःख ठाऊक.

अशा उतारांवर काथ्याची जाळी अंथरण्याचं काम गोव्यातल्या खाणींवर झालेलं आहे. पद्धत साधी आहे. उतार थोडा सपाट करायचा, त्यावर जाळी पसरून खुंट्यांनी ठोकायची, आणि तिच्या घरांत गवताचं, शेंगवर्गीय झाडांचं बी टाकायचं. पावसाचा थेंब थेट मातीवर आदळत नाही, वाहणाऱ्या पाण्याला प्रत्येक दोरी अडवते, आणि काथ्या पाणी धरून ठेवत असल्यामुळे बी रुजतं. काथ्यात लिग्निन भरपूर, म्हणून तो कुजायला दोन-तीन पावसाळे घेतो. तेवढ्यात मुळं खाली गेलेली असतात. मग जाळी कुजून त्याच मातीत मिळते. प्लास्टिकची जाळी इथे उलट जास्त टिकते, आणि तोच तिचा दोष ठरतो. ताग याला जोड म्हणून यावा असं मला वाटतं, कारण नापीक मातीत नत्र आणणारी मुळं त्याच्याकडे आहेत. वाखाचा हिशोब तिथे नंतर. आधी मातीला जीव यायला हवा.

एका गोष्टीबद्दल टिकाऊ धाग्याचे समर्थक फार कमी बोलतात, आणि ती म्हणजे कुजवण्याचं पाणी. ज्या जीवाणूंनी वाख सोडवायचा ते पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. पाणी काळं होतं, त्याला वास सुटतो, मासे तरंगतात. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळात नदीनाल्यांत हेंप बुडवायला कायद्याने बंदी करावी लागली होती. केरळच्या बॅकवॉटरमध्ये सोडणं महिनोन्‌महिने कुजवल्याने काय होतं हे तिथल्या मच्छीमारांना विचारावं. शापोरा किंवा तेरेखोलच्या खाडीत, खाजनांच्या मानशीजवळ कुणी ताग बुडवायला निघाला तर मी स्वतः त्याला विरोध करीन. मग धागा कितीही नैसर्गिक असो.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. काथ्यासाठी सोडण कुजवण्याची गरजच नाही. यंत्राने ते फोडून तंतू वेगळे करता येतात. तागासाठी शेताच्या कडेला प्लास्टिक अंथरलेला किंवा सिमेंटचा एक लहान हौद पुरतो. काड्या तीन-चार दिवस उभ्या ठेवून पाला गाळायचा, जुड्यांचे बुडखे आधी एक दिवस पाण्यात उभे करायचे कारण ते जाड असतात, मग जुड्या आडव्या टाकून वर दगडाचं वजन ठेवायचं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज एक काडी काढून बघायची. अंगठ्याने साल ढकलली की ती काडीवरून मोज्यासारखी उतरली पाहिजे. एक दिवस उशीर झाला तर वाख कुजका निघतो, लवकर काढला तर सालपट चिकटून राहतं. बराकपूरच्या जूट संशोधन संस्थेने क्रायजॅफ सोना नावाची जीवाणूंची भुकटी काढली आहे. ती टाकली की कमी पाण्यात, कमी दिवसांत काम होतं आणि वाखाचा रंगही उजळ येतो. उरलेलं पाणी हौदातच काही दिवस ठेवून माडांना सोडावं, त्यात खताचा अंश असतो. तिळारीचे कालवे पेडणे, डिचोली आणि बार्देशात आल्यापासून हौदापुरतं पाणी मिळणं पूर्वीइतकं अवघड नाही.

अडचण आहे ती पुढची. वाख काढता येईल, पण त्याचं सूत कुठे कातणार? सालीच्या तंतूंची कातणी कापसाच्या गिरणीत होत नाही, तिची यंत्रं वेगळी असतात आणि ती हुगळीच्या काठी आहेत. पेडण्यातला वाख तिथवर पाठवून कापड परत आणायचं तर भाड्यातच सगळं जाईल. तेव्हा शर्टाचं स्वप्न काही काळ बाजूला ठेवावं आणि जिथे सुताची गरज नाही तिथून आरंभ करावा: दोऱ्या, दावी, जाळीदार पिशव्या, ढिगांवर अंथरायच्या चटया, काजूच्या हंगामातल्या पोत्यांची तोंडं शिवायची सुतळी. हे हाताने आणि छोट्या यंत्राने इथेच होतं, आणि त्याचं गिऱ्हाईक पेडण्या-डिचोलीच्या बाजारात आजही उभं आहे. फक्त ते प्लास्टिकची दोरी घेऊन घरी जातं.

हिशोब लहानच मांडतो. उत्तर प्रदेशात प्रतापगडला तागाचं खास संशोधन केंद्र आहे. तिथल्या सुधारित वाणांतून हेक्टरी आठ ते दहा क्विंटल वाख मिळतो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या तुकड्यातून आठ ते दहा किलो. इथल्या पावसात आणि दुबळ्या मातीत त्यातले पाच किलो जरी हाती आले, तरी एका घराला गुरांची दावी, विहिरीचा दोर आणि परसातल्या वेलींच्या सुतळ्या यांसाठी वर्षभर पुरेल. तुकडा मात्र पाणी न साचणारा, थोडा उताराचा निवडावा. झडून पडलेला पाला तिथेच मातीत राहू द्यावा, वाळलेली काडी चुलीला घ्यावी, आणि कडेची दहा-वीस झाडं न कापता उभी ठेवावीत. त्यांच्या शेंगा वाळून खुळखुळू लागल्या की पुढच्या वर्षाचं बी बाहेरून आणावं लागत नाही.